शेअर किती वर्षे ठेवावेत आणि विकावेत केव्हा?

बडोद्यातल्या आपल्या मराठी घरांना शेअर काही नवीन नाहीत. बँकेत, रेल्वेत, विद्यापीठात, औषधांच्या किंवा पेट्रोकेमिकलच्या कारखान्यात नोकरी केलेल्या मागच्या पिढीने पगारातून थोडे थोडे बाजूला काढून शेअर घेतले. अर्ज भरायचा, पाकीट बँकेत द्यायचे आणि शेअर लागले तर दाखला लोखंडी कपाटात ठेवून द्यायचा, अशी ती पद्धत होती. घ्यायचे कसे हे त्या पिढीला ठाऊक होते. विकायचे केव्हा, हे मात्र फारसे कोणी बोलले नाही.

काही वर्षांपूर्वी आपल्या एका सभासद कुटुंबात आजोबा गेले. कपाटातून सात-आठ कंपन्यांचे कागदी दाखले निघाले. किंमत काढली तर रक्कम चांगली मोठी होती. त्याच सुमारास आजींच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरली आणि मुलांनी ठरवले की यातलेच शेअर विकू. पण दाखले एकट्या आजोबांच्या नावावर, नामांकन कुठेच नाही, सही जुनी, पत्ता वाड्याचा, आणि तो वाडाही पाडून झालेला. कागदपत्रांत जवळजवळ वर्ष गेले. शस्त्रक्रिया कर्ज काढून झाली. घरात पैसा होता, पण वेळेला हातात आला नाही. पुढे गणेशोत्सवात हा विषय निघाला तेव्हा कळले की अशी घरे आपल्यात बरीच आहेत. म्हणून ही माहिती आम्ही एकत्र केली आहे.

दीर्घ मुदत म्हणजे किती?

करासाठी नोंदणीकृत शेअर बारा महिन्यांहून अधिक ठेवला की तो दीर्घ मुदतीचा. गुंतवणुकीच्या दृष्टीने मात्र एक वर्ष म्हणजे काहीच नाही. येत्या तीन वर्षांत लागणारा पैसा शेअरमध्ये ठेवू नये आणि शेअरमध्ये ठेवलेल्या पैशाला निदान सात ते दहा वर्षे द्यावीत, असे आम्ही धरून चालतो.

याचे कारण मागच्या आकड्यांत दिसते. जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स २१,००० च्या वर गेला होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो ८,५०० च्या आसपास आला. २१,००० पुन्हा दिसायला नोव्हेंबर २०१० उजाडला. २३ मार्च २०२० रोजी करोनाच्या धास्तीने एका दिवसात सेन्सेक्स सुमारे १३ टक्के पडून २६,००० च्या खाली बंद झाला आणि त्याच वर्षाअखेर ४७,००० च्या पुढे गेला. दोन्ही वेळा ज्यांना घरखर्चासाठी किंवा घाबरून विकावे लागले, त्यांचे नुकसान कायमचे झाले. ज्यांना थांबता आले, त्यांचे भरून निघाले.

निर्देशांक सावरतो, कंपनी सावरेलच असे नाही

वरच्या आकड्यांवरून "कधी विकूच नये, सगळे परत वर येते" असा निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. सेन्सेक्स १ जानेवारी १९८६ रोजी सुरू झाला तेव्हा त्याच्या तीस कंपन्यांत अँबेसेडर बनवणारी हिंदुस्तान मोटर्स होती आणि पद्मिनी बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्सही होती. रस्त्यावर दिसणारी प्रत्येक दुसरी गाडी यांचीच, असा तो काळ. आज दोन्ही गाड्या बनत नाहीत आणि दोन्ही कंपन्या निर्देशांकातून केव्हाच गेल्या. निर्देशांकातून मागे पडलेली कंपनी काढतात आणि नवी घेतात, म्हणून तो टिकतो. आपल्या कपाटातला दाखला मात्र कोणी आपोआप बदलून देत नाही. ते काम आपले आपल्यालाच करावे लागते, आणि त्यालाच विकण्याचा निर्णय म्हणतात.

थांबण्याचे फळ आणि त्याची किंमत

इन्फोसिसचे उदाहरण सर्वांना माहीत असते, पण त्याचा हिशोब क्वचित कोणी मांडतो. कंपनीची सुरुवात १९८१ साली पुण्यात झाली. १९९३ च्या विक्रीत शेअर ९५ रुपयांना मिळत होता, म्हणजे १०० शेअरना ९,५०० रुपये. पुढे १९९४, १९९७ आणि १९९९ मध्ये एकास एक बोनस मिळाला. २००० मध्ये दहा रुपयांचा शेअर पाच रुपयांचा झाला, म्हणजे संख्या दुप्पट. २००४ मध्ये एका शेअरमागे तीन बोनस आले आणि २००६, २०१४, २०१५ व २०१८ मध्ये पुन्हा एकास एक. गुणाकार केला तर मूळचे १०० शेअर १,०२,४०० होतात.

हे ऐकून हळहळणाऱ्यांनी दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. पहिली, इथवर पोहोचायला पंचवीस वर्षे एकही शेअर न विकता राहावे लागले असते. त्यात २००० ते २००१ या काळात भाव तीन-चतुर्थांशाहून अधिक पडलेला पाहूनही स्वस्थ बसावे लागले असते. दुसरी, हाच शेअर ज्यांनी मार्च २००० च्या तेजीत घेतला, त्यांना घेतलेला भाव परत दिसायला पाच-सहा वर्षे लागली. कंपनी तीच, पण घेतानाचा भाव वेगळा होता.

विकण्याची चार योग्य कारणे

१. ज्यासाठी ठेवले ते जवळ आले. मुलीचे शिक्षण, घर, निवृत्ती. पैसा २०३० च्या जूनमध्ये लागणार असेल तर २०३० च्या मे महिन्यात विकायला बसू नये. तीन वर्षे आधीपासून दरवर्षी एक तृतीयांश काढून मुदत ठेवीत किंवा पोस्टात हलवावा. थोडी वाढ हुकेल, पण मार्च २०२० सारखा महिना आला तरी फी भरायला पैसे असतील. निवृत्त सभासदांनी निदान तीन वर्षांचा घरखर्च शेअरबाहेर ठेवावा. ज्या घरात हा साठा असतो, त्या घराला पडत्या भावात विकावे लागत नाही.

२. घेताना जे कारण होते ते उरले नाही. प्रत्येक शेअर घेताना तो का घेतला हे वहीत दोन ओळींत लिहून ठेवावे: "कर्ज नाही, विक्री दरवर्षी वाढते, मालक सचोटीचा." पुढे यातले एखादे वाक्य खोटे ठरले तर भाव काहीही असो, विचार करावा. भाव पडणे हे स्वतः कारण नव्हे. लिहिलेले वाक्य खोटे ठरणे हे कारण आहे.

३. एकाच शेअरचे वजन फार झाले. समजा, प्रत्येकी एक लाख याप्रमाणे दहा कंपन्यांत दहा लाख गुंतवले. काही वर्षांनी एका कंपनीचे सहा लाख झाले आणि बाकी नऊ कंपन्यांचे प्रत्येकी दीड लाख. एकूण साडेएकोणीस लाखांत त्या एका कंपनीचा वाटा जवळजवळ ३१ टक्के झाला. कंपनी चांगली असली तरी त्यातला काही भाग विकून वाटा पंधरा-वीस टक्क्यांवर आणणे शहाणपणाचे. ज्या कंपनीत नोकरी केली तिचेच शेअर घरात जास्त असतात, म्हणून हा नियम त्यांना आधी लागू होतो. पगार आणि शिल्लक दोन्ही एकाच खुंटीला टांगू नये.

४. पैसा ठेवायला खरोखर चांगली जागा मिळाली. हे कारण जपून वापरावे. विकताना कर जातो, दलाली जाते, आणि नवी कंपनी आपल्याला जुनीइतकी माहीत नसते. फरक ठळक असेल तरच बदल करावा.

आणि न विकण्याची, तरीही नेहमी ऐकू येणारी कारणे

"माझा भाव आला की काढतो." हे वाक्य आपल्या प्रत्येक घरात ऐकू येते. २०० ला घेतलेला शेअर १२० ला आला आहे आणि आपण २०० ची वाट पाहतो. पण आपण कितीला घेतला हे कंपनीला माहीत नसते. स्वतःला एकच प्रश्न विचारावा: आज हातात या शेअरच्या किमतीइतके रोख पैसे असते तर हाच शेअर घेतला असता का? उत्तर "हो" असेल तर ठेवावा, "नाही" असेल तर घेतलेला भाव विसरून जावा.

वाट पाहण्याचे गणितही लक्षात असावे. शेअर २० टक्के पडला तर मूळ भावाला यायला २५ टक्के वाढ लागते. ५० टक्के पडला तर दुप्पट व्हावे लागते. ८० टक्के पडला तर पाचपट.

याच्या उलट "दुप्पट झाला, आता काढून घेऊ" हेही कारण नव्हे. असे करणाऱ्यांच्या घरात काही वर्षांनी फक्त पडलेले शेअर उरतात, कारण चढलेले सगळे विकलेले असतात. बागेतली फुलझाडे उपटून तण राखण्यासारखे ते होते.

धोक्याची घंटा: सत्यमची तीन आठवड्यांची गोष्ट

हैदराबादच्या आपल्या बांधवांना सत्यम कॉम्प्युटर्सचे नाव नीट आठवत असेल. १६ डिसेंबर २००८ रोजी कंपनीने मायटास नावाच्या दोन बांधकाम कंपन्या विकत घेण्याचे जाहीर केले. या कंपन्या सत्यमचे अध्यक्ष रामलिंग राजू यांच्या कुटुंबाशी संबंधित होत्या. गुंतवणूकदारांनी आरडाओरड केली आणि काही तासांत निर्णय मागे घेतला गेला. त्यानंतर काही स्वतंत्र संचालकांनी राजीनामे दिले. ७ जानेवारी २००९ रोजी राजूंनी पत्र लिहून कबूल केले की ताळेबंदात दाखवलेली पाच हजार कोटींहून अधिक रोकड अस्तित्वातच नाही. त्या एका दिवसात शेअर तीन-चतुर्थांशाहून अधिक पडला.

१६ डिसेंबर ते ७ जानेवारी हे तीन आठवडे होते. आतला घोटाळा बाहेरच्या कोणाला दिसणे शक्य नव्हते. पण संगणकाच्या कंपनीने मालकाच्या घरच्या बांधकाम कंपन्या का घ्याव्यात, हा प्रश्न वर्तमानपत्र वाचणाऱ्या कोणालाही पडण्यासारखा होता. "मालक सचोटीचा" हे वहीतले वाक्य त्याच दिवशी डळमळले होते. भाव तेव्हाही पडलेला होता, म्हणून पुष्कळांनी "आता काय विकायचे" असे म्हटले.

वर्षातून एकदा वार्षिक अहवाल आला की पुढील गोष्टी पाहाव्यात:

- लेखापरीक्षकाने मुदत संपण्याआधीच काम सोडले आहे का?
- प्रवर्तकांनी स्वतःचे शेअर गहाण ठेवले आहेत का आणि ते प्रमाण वाढते आहे का?
- नफा दिसतो, पण प्रत्यक्ष रोकड येते का? गिऱ्हाइकांकडची येणी विक्रीपेक्षा वेगाने वाढत आहेत का?
- मालकाच्या नातेवाइकांच्या कंपन्यांना कर्जे किंवा मोठी कामे दिली आहेत का?
- कंपनीचे नाव किंवा धंदा वारंवार बदलतो आहे का?

एका प्रश्नाचे उत्तर वाईट आले म्हणून लगेच पळू नये. दोन-तीन उत्तरे वाईट असतील तर मात्र "आपला भाव" येण्याची वाट पाहू नये.

विकताना कर किती?

२३ जुलै २०२४ पासून नोंदणीकृत शेअर बारा महिन्यांच्या आत विकला तर नफ्यावर २० टक्के कर आहे. त्याहून अधिक काळ ठेवला असेल तर एका आर्थिक वर्षातल्या पहिल्या १,२५,००० रुपयांच्या नफ्यावर कर नाही आणि त्यावरील नफ्यावर १२.५ टक्के. यावर उपकर वेगळा.

उदाहरण: दोन लाखांचे शेअर पाच वर्षांनी साडेचार लाखांना विकले. नफा २,५०,०००. सूट वजा जाता १,२५,००० उरले, त्यावर १५,६२५ कर आणि ४ टक्के उपकर ६२५, म्हणजे १६,२५० रुपये. हेच शेअर अर्धे मार्चमध्ये आणि अर्धे एप्रिलमध्ये, त्याच भावाला विकले आणि दोन्ही वर्षांत असा दुसरा नफा नसला, तर प्रत्येक वर्षाचा नफा १,२५,००० इतकाच होतो आणि कर शून्य. मोठी विक्री करण्याआधी कॅलेंडर पाहावे ते यासाठी. मात्र कर वाचवण्यासाठी वाईट कंपनी महिनोनमहिने धरून ठेवू नये.

जुन्या शेअरना एक सवलत आहे. ३१ जानेवारी २०१८ पर्यंत घेतलेल्या शेअरसाठी त्या दिवसाचा भाव खरेदीचा भाव म्हणून धरता येतो. आजोबांनी २० रुपयांना घेतलेला शेअर त्या दिवशी ३०० रुपये होता आणि आज ५०० ला विकला, तर नफा ४८० नव्हे, २०० धरतात. वारसाने मिळालेल्या शेअरसाठी मूळ मालकाची खरेदी आणि त्याचा काळ मोजला जातो. म्हणून आजोबांच्या जुन्या वह्या आणि पत्रे रद्दीत घालू नयेत. त्या तारखेनंतर मिळालेल्या बोनस शेअरची खरेदी किंमत मात्र शून्य धरली जाते, हेही लक्षात असावे.

दीर्घ मुदतीचा तोटा फक्त दीर्घ मुदतीच्या नफ्यातून वजा होतो आणि पुढची आठ वर्षे ओढता येतो. त्यासाठी त्या वर्षाचे विवरणपत्र मुदतीत भरलेले असावे लागते.

विकता येतील असे शेअर आहेत का?

आपल्याकडच्या जुन्या घरांसाठी हा सर्वांत महत्त्वाचा भाग. १ एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर दुसऱ्याच्या नावावर करता येत नाहीत. विकायचे तर आधी डीमॅट करावे लागतात. लाभांश सलग सात वर्षे घेतला गेला नसेल, तर लाभांश आणि शेअर दोन्ही सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे जातात. ते परत मिळतात, पण अर्ज, कंपनीची पडताळणी आणि बराच काळ लागतो.

कंपनी बंद झाली किंवा दुसरीत मिसळली म्हणून दाखला टाकून देऊ नये. आपल्या बडोद्याच्याच आयपीसीएलचे उदाहरण घ्या. ही कंपनी २००७ मध्ये रिलायन्समध्ये विलीन झाली तेव्हा पाच शेअरना रिलायन्सचा एक शेअर मिळाला. म्हणजे १०० चे २०. पुढे २००९ च्या बोनसने ४० आणि २०१७ च्या बोनसने ८० झाले. २०२३ मध्ये जिओ फायनान्शियल वेगळी निघाली तेव्हा तिचे ८० शेअर त्यावर मिळाले आणि २०२४ च्या बोनसने रिलायन्सचे १६० झाले. कपाटातला पिवळा पडलेला कागद आज इतका झालेला असू शकतो.

म्हणून या दिवाळीआधी प्रत्येक घराने एवढे करावे:

- घरातले सगळे दाखले, जुनी लाभांशाची पत्रे आणि डीमॅट खात्यांची यादी एका वहीत लिहावी.
- कागदी दाखल्यांसाठी कंपनीच्या रजिस्ट्रारकडे पॅन, पत्ता, बँक खाते आणि सही अद्ययावत करून शेअर डीमॅट करून घ्यावेत.
- प्रत्येक खात्याला नामांकन करावे. नॉमिनी हा ताबा घेणारा असतो, मालकी वारसांची असते. म्हणून मृत्युपत्रही करावे.
- ही वही कुठे आहे हे घरातल्या निदान दोन माणसांना माहीत असावे.
- विक्रीच्या वेळी मोबाइलवर येणारा ओटीपी कोणालाही, अगदी ओळखीच्या दलालालाही, सांगू नये.

शेवटी

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मुहूर्ताचे सौदे होतात आणि बहुतेक घरांत एखादा शेअर घेतला जातो. ती प्रथा चांगलीच आहे. तिला आम्ही एक जोड सुचवतो. त्याच दिवशी संध्याकाळी वही काढावी आणि प्रत्येक शेअरसमोर तो का घेतला होता ते वाचावे. कारण अजून खरे असेल तर खूण करून पुढे जावे, नसेल तर पाडव्यानंतर शांतपणे विकायचे ठरवावे. मुलांना आणि सुनांनाही जवळ बसवावे. ज्या आजींच्या शस्त्रक्रियेसाठी कर्ज काढावे लागले, त्या आता चांगल्या हिंडतात-फिरतात आणि त्यांच्या घरातली वही सगळ्यांत नीटनेटकी आहे.

ही माहिती सर्वसाधारण आहे. आम्ही कोणत्याही शेअरची शिफारस करत नाही. कराचे नियम बदलत असतात, म्हणून मोठा निर्णय घेण्याआधी सनदी लेखापाल किंवा सेबीकडे नोंदलेल्या सल्लागाराला जरूर विचारावे. कागदी दाखल्यांचे अर्ज भरताना अडचण आली तर सभासदांनी निःसंकोच मंडळात यावे. यातून गेलेली मंडळी मदतीला बसलेली असतात.